फ्रीटाउन: वरची हवा, खालचं पाणी

सार्वजनिक आरोग्य शिकायला पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनला आल्यावर मला सगळ्यात आधी दिसला तो चढ. वर हिल स्टेशन भागात बंगले आणि गार वारा. खाली समुद्राला लागून क्रू बे. तिथे पत्र्याच्या घरांची दाटी, कचरा, टायर आणि चिखल भरून समुद्रात काढलेली जमीन. पावसाळ्यात डोंगराचं पाणी अख्ख्या शहराची घाण घेऊन इथल्याच दारांत उतरतं. ही विभागणी आपोआप झालेली नाही, ती आखून केलेली आहे.

सिकंदराबादेत 1897 साली डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधून काढणारे रोनाल्ड रॉस 1899 मध्ये, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या फ्रीटाउनला आले. रस्त्यांवरच्या डबक्यांत त्यांना मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासाच्या अळ्या मिळाल्या. त्यांचा उपाय सगळ्या शहरासाठी होता: डबकी बुजवा, गटारं काढा, साचल्या पाण्यावर तेल टाका. 1901 मध्ये तशी मोहीमही झाली. पण त्याच सुमारास रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी दुसरा सल्ला दिला. आफ्रिकी मुलांच्या रक्तात जंतू असतो, तेव्हा गोऱ्यांनी त्यांच्यापासून दूर राहावं. सरकारला हाच सल्ला रुचला. भारतातल्या थंड हवेच्या ठिकाणांच्या धर्तीवर 1904 मध्ये हिल स्टेशन उभं राहिलं. साहेबांना वर-खाली नेण्यासाठी रेल्वेही टाकली. नोकर सोडले तर आफ्रिकी माणसाला रात्री तिथे राहता येत नसे. ज्या मुलांच्या रक्तात जंतू होता, ती खालीच राहिली. संशोधन खरं असूनही त्याचा असा वापर होतो, याचा मला आजही संताप येतो.

शहरात आफ्रिकी डॉक्टर नव्हते असंही नाही. जवळच्याच ग्लॉस्टर गावात जन्मलेले जेम्स आफ्रिकेनस हॉर्टन 1859 मध्ये एडिनबरोहून डॉक्टर होऊन आले आणि ब्रिटिश सैन्यात नोकरीला लागले. तरी 1902 मध्ये पश्चिम आफ्रिकेसाठी वैद्यकीय सेवा स्थापन झाली, तेव्हा तिचं दार फक्त गोऱ्यांना उघडं होतं.

1961 मध्ये स्वातंत्र्य आलं, त्या दशकात गुमा धरणाचं पाणी आलं. मग 1991 ते 2002 यादवी. गावं सोडून आलेली माणसं मिळेल त्या उतारावर आणि खाडीकाठी राहिली. नळ मात्र त्यांच्यामागे धावले नाहीत. 2010 मध्ये गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांना उपचार मोफत झाले. हा फार मोठा निर्णय होता, पण त्याला पुरतील इतके डॉक्टर कुठे होते? लाख लोकांमागे जेमतेम 2. 2012 मध्ये कॉलरा आला, 2014 मध्ये इबोला. देशात इबोलाने सुमारे 4,000 माणसं नेली. त्यांत 200हून अधिक आरोग्य कर्मचारी होते.

त्या साथीत मृत्यू झाला की 117 क्रमांकावर कळवायचं, अशी पद्धत बसवली गेली. रुग्णाच्या संपर्कातल्यांचा शोध घेत दारोदार फिरली ती मुख्यतः वस्त्यांमधलीच तरुण मुलं. कुठल्या घरात किती माणसं झोपतात हे त्यांना विचारावं लागत नव्हतं.