लहान मुलांमधील मणक्याच्या क्षयावरील शस्त्रक्रिया

पाठीच्या कण्याला क्षयरोग झालेल्या मुलांमध्ये पू व मेलेले हाड काढणे, मज्जारज्जूवरचा दाब हटवणे, ढासळलेल्या मणक्यांना आधार देणे आणि कुबड रोखणे किंवा सरळ करणे, यांसाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया. या रोगाला ‘पॉटचा रोग’ असेही नाव आहे. हाडांच्या व सांध्यांच्या क्षयापैकी जवळपास निम्मा कण्यातच आढळतो. रोग बरा करतात ती औषधे, आणि बहुतेक मुलांना सुरी लागत नाही. ज्यांना लागते त्यांच्या बाबतीत जंतूंपेक्षा वाढीचा प्रश्न मोठा असतो. मोठ्या माणसावर शोभणारी शस्त्रक्रिया तशीच्या तशी चार वर्षांच्या मुलावर करता येत नाही, ते त्यामुळेच.

रोगाची रीत : क्षयाचे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे कण्यात येतात आणि दोन मणक्यांमधल्या गादीला लागून असलेल्या हाडात घर करतात. लहान मुलाच्या मणक्यात हाड कमी आणि कूर्चा जास्त असते, त्यामुळे तो लवकर पोखरला जातो. एकाऐवजी तीन-चार मणके गिळले गेल्याचेही दिसते. पोखरतो तो मणक्याचा पुढचा, वजन पेलणारा भाग. मागची कमान बहुधा शाबूत राहते. साहजिकच कणा पुढे वाकतो आणि पाठीवर टोक उभे राहते. पू साचतो, पण त्याला सूज-लालीची ऊब नसते, म्हणून त्याला ‘थंड गळू’ म्हणतात. हा पू कमरेच्या स्नायूतून खाली उतरत जांघेत फुगवटा म्हणून दिसू शकतो, मानेत साचला तर श्वास आणि गिळणे अडवतो, आणि मागे सरकला तर मज्जारज्जू दाबून पाय लुळे पाडतो.

लहान मूल ‘पाठ दुखते’ असे सांगत नाही. ते खेळायचे कमी होते, उचलून घेतले की रडते, आणि रात्री झोपेतून किंचाळून उठते. दिवसा पाठीचे स्नायू ताठ राहून दुखऱ्या मणक्याला जपतात. झोपेत ते सैल पडले की मणके हलतात आणि कळ येते. एक साधी तपासणी डॉक्टर वर्षानुवर्षे करत आले आहेत. जमिनीवर नाणे किंवा खेळणे टाकायचे आणि मुलाला उचलायला सांगायचे. निरोगी मूल कमरेत वाकून ते पटकन उचलते. मणक्याचा क्षय असलेले मूल पाठ फळीसारखी ताठ ठेवून गुडघ्यांत बसते, एक हात मांडीवर टेकवते, दुसऱ्या हाताने नाणे उचलते आणि मांडीवरच हात रोवत उठते. हे दृश्य घरातही दिसत असते. ते ‘लाडाने करतंय’ म्हणून सोडून दिले जाते, आणि पाठीवर गाठ हाताला लागेपर्यंत मोलाचे महिने निघून जातात.

इतिहास : कण्याच्या क्षयाच्या खुणा प्राचीन इजिप्तच्या ममींमध्ये सापडल्या आहेत. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि पायांचा लकवा यांचा संबंध नेमका मांडला. कुबडाच्या दोन्ही बाजूंना त्वचेवर जखम करून ती वाहती ठेवण्याचा उपाय ते सुचवत. जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये लावला, पण पुढेही साठ वर्षे हाती औषध नव्हते. मुलांना महिनोन्‌महिने प्लास्टरच्या खाटेवर निजवणे, ऊन आणि मोकळी हवा देणे, एवढेच चाले. इटालियन विचारवंत आंतोनियो ग्रामची यांच्या लहानपणी त्यांना पट्टा बांधून आढ्याला टांगून ठेवत असत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचे कुबड याच रोगाचे असावे असे मानले जाते.

१९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी यांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी, मणक्यांच्या मागच्या कमानी एकमेकींना सांधण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आल्बी त्यासाठी नडगीच्या हाडाची पट्टी वापरत. रोग पुढे आणि सांधणी मागे, असा तो प्रकार होता. थेट रोगापर्यंत पोचण्याचे धाडस स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड ही क्षयावरची औषधे आल्यावरच करता आले. १९५६ मध्ये हाँगकाँगचे आर्थर हॉजसन आणि फ्रान्सिस स्टॉक यांनी छाती किंवा पोटाच्या बाजूने जाऊन सडलेले हाड मुळापासून काढायचे आणि मोकळ्या जागेत बरगडीचे किंवा कमरेचे हाड बसवायचे, ही पद्धत प्रसिद्ध केली. ‘हाँगकाँग शस्त्रक्रिया’ या नावाने ती जगभर गेली.

त्यानंतर ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने कोरिया, ऱ्होडेशिया (आजचे झिंबाब्वे), हाँगकाँग आणि पुढे मद्रास येथे तुलनात्मक चाचण्या घेतल्या. निष्कर्ष अनेकांना पचायला जड गेला. घरी राहून, हिंडत-फिरत नियमित गोळ्या घेतलेले रुग्णही चांगले बरे होत होते. प्लास्टर आणि अंथरुणाला खिळून राहणे यांचा वेगळा फायदा नव्हता. हाँगकाँग शस्त्रक्रियेने हाडे लवकर सांधली जात आणि बाक कमी वाढे, पण तिला तयारीचे शल्यचिकित्सक आणि सुसज्ज रुग्णालय लागे. भारतात बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यममार्ग’ मांडला : औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया नेमक्या कारणासाठी आणि निवडक रुग्णांना. खाटा कमी आणि रुग्ण अमाप असलेल्या देशासाठी हा विचार फार मोलाचा ठरला. आजही भारतातले उपचार बहुतांशी त्याच वाटेने चालतात.

वाढ आणि बाक : मोठ्या माणसाचा बाक रोग शमला की बहुधा तिथेच थांबतो. मुलाचा थांबेलच असे नाही. पुढची वाढीची केंद्रे रोगाने जळून गेलेली असतात आणि मागच्या कमानी मात्र वाढत राहतात. एका बाजूने वाढणारी फांदी जशी दुसरीकडे वळत जाते, तसा कणा दरवर्षी थोडा थोडा वाकतो. औषधे संपलेली असतात, रक्ताचे अहवाल स्वच्छ असतात, कागदावर मूल ‘बरे’ झालेले असते.

हे कोड्यात टाकणारे वागणे कोइंबतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी उलगडले. मद्रास चाचणीतल्या ६१ मुलांचा १५ वर्षे पाठपुरावा करून त्यांनी २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. रोग बरा झाल्यानंतर ३९ टक्के मुलांत बाक वाढत गेला, ४४ टक्क्यांत तो आपोआप कमी झाला, १७ टक्क्यांत तसाच राहिला. म्हणजे सगळ्यांवर शस्त्रक्रिया करणे जितके चूक, तितकेच कोणावरही न करणे चूक. धोक्यातली मुले आधी ओळखण्यासाठी त्यांनी साध्या एक्स-रेवरच्या चार खुणा दिल्या : मणक्यांच्या मागच्या सांध्यांची फारकत, रोगट मणक्याचा तुकडा मागे सरकणे, वरचा कणा खालच्यावरून बाजूला घसरणे, आणि वरचा निरोगी मणका पुढे कलंडणे. प्रत्येक खुणेला एक गुण. दोनांपेक्षा जास्त गुण म्हणजे कणा ढासळण्याच्या वाटेवर. महागडे यंत्र न लागता तालुक्याच्या रुग्णालयातही वाचता येईल अशी ही कसोटी आहे, आणि या विषयात भारताने जगाला दिलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणावी लागेल.

बाक ६० अंशांपलीकडे गेला की तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. छातीचा पिंजरा चेपून फुप्फुसे आखडतात. ताणलेला मज्जारज्जू हाडाच्या टोकावर घासत राहून, रोग बरा होऊन दहा-वीस वर्षे उलटल्यावर, ऐन तारुण्यात पाय जाऊ शकतात. असा उशिरा आलेला लकवा औषधाने हटत नाही आणि शस्त्रक्रियेलाही नीट दाद देत नाही.

शस्त्रक्रिया केव्हा : पायांची ताकद औषधे चालू असूनही घटत असेल किंवा तीन-चार आठवड्यांत सुधारत नसेल, गळवामुळे श्वास वा गिळणे अडत असेल, निदान पक्के नसेल किंवा औषधे लागू पडत नसतील, आणि कणा वरील अर्थाने धोक्यात असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. यांतले शेवटचे कारण खास मुलांचे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा हुकते, कारण त्या वेळी मूल चालत असते आणि आई-वडिलांना शस्त्रक्रियेची गरज पटवणे कठीण जाते.

शस्त्रक्रियेची पद्धत : दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सारे मिळून जेमतेम ८०० मिलिलिटर रक्त असते. मोठ्या माणसात किरकोळ वाटणारा रक्तस्राव इथे जिवावर बेतू शकतो. म्हणून रक्त आधीच जुळवून ठेवतात, खोली उबदार ठेवतात, आणि मुलाला पालथे निजवताना पोट लोंबते राहील अशा उशा लावतात. पोटावर दाब आला की कण्याभोवतीच्या शिरा फुगून रक्त जास्त जाते. मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर सतत पाहिले जातात.

पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत पू, मेलेले हाड आणि सडलेली गादी काढून मज्जारज्जू मोकळा करतात आणि पोकळीत बरगडीचे हाड टेकू म्हणून बसवतात. हा टेकू दोन गाद्यांपेक्षा जास्त अंतर पेलायला लावला, तर तो मोडण्याची वा सरकण्याची भीती मोठी असते. शिवाय फक्त पुढून सांधले आणि मागची वाढ चालू राहिली, तर शस्त्रक्रियेनंतरही बाक वाढतो. त्यामुळे मुलांमध्ये मागून सांधणी करण्यावर भर असतो. मागची वाढ थांबवली आणि पुढे थोडी वाढकेंद्रे जिवंत असली, तर पुढचा भाग वाढून बाक स्वतःच भरून येऊ शकतो. एरवी मुलाचा वैरी ठरणारी वाढ इथे शल्यचिकित्सकाच्या कामी येते. आता अनेक ठिकाणी पाठीच्या एकाच छेदातून, बरगडीचा मणक्याजवळचा तुकडा काढून, बाजूने पुढच्या भागापर्यंत पोचतात आणि त्याच वेळी स्क्रू व सळया बसवतात.

संसर्ग असलेल्या जागी धातू ठेवावा का, ही शंका पालक हमखास विचारतात. क्षयाचा जंतू पू करणाऱ्या इतर जंतूंसारखा धातूला चिकटून थर धरत नाही, म्हणून औषधांच्या छत्राखाली ते चालते. खरी अडचण मापाची आहे. स्क्रू ज्या हाडाच्या दांड्यातून जातो तो लहान मुलात काही मिलिमीटरच रुंद असतो, आणि हाड मऊ असते. तिथे बारीक स्क्रू, आकडे (हुक) किंवा तारा वापराव्या लागतात.

पक्के झालेले जुने कुबड सरळ करणे ही वेगळीच, फार मोठी शस्त्रक्रिया आहे. त्यात कुबडाच्या टोकाचे मणके पाचरीसारखे कापून काढतात आणि ती फट हळूहळू मिटवून कणा सरळ करतात. अशा वेळी पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका खरोखरीचा असतो. पालकांना तो आधी स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

शस्त्रक्रियेनंतर : काढलेला ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीबरोबरच सीबीनॅट (जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) यांसाठी पाठवणे अत्यावश्यक आहे. औषधांना न जुमानणारा क्षय मुंबईसारख्या शहरात मुलांनाही होतो, आणि तो ओळखला नाही तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. शस्त्रक्रियेने गोळ्यांचा काळ कमी होत नाही. साध्या क्षयात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल, नंतर पायराझिनामाइड वगळून तीन औषधे, असे किमान १२ महिने आणि गरज पडल्यास १८ महिन्यांपर्यंत द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरते. उपचारांत मुलाचे वजन भराभर वाढते, म्हणून ती पुन्हा पुन्हा पाहावी लागते. सरकारी क्षय निर्मूलन कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात.

पाय लुळे पडलेली मुले मोठ्यांपेक्षा जास्त चांगली सावरतात. काही आठवड्यांत बोटे हलू लागतात, मग भिंतीला धरून उभे राहणे, मग चालणे. मधल्या काळात अंगावर जखमा होऊ न देणे आणि लघवीची काळजी घेणे हे काम बहुतेक घरांत आईच करते, आणि तिला ते कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करतात. उभे राहून बाजूने काढलेला एक्स-रे मात्र उंची वाढायची थांबेपर्यंत दरवर्षी काढतात. तो दरवेळी आधीच्या एक्स-रेशेजारी ठेवूनच वाचायचा असतो, म्हणून जुने एक्स-रे पालकांनी जपून ठेवावेत.