खोटी पत्रे, खरे कागद

१८८२ चे 'कोल्हापूर प्रकरण' आपल्याकडे सांगितले जाते ते टिळक-आगरकरांच्या तुरुंगवासासाठी. दिवाण माधवराव बर्वे कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ करतात, असे 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिले. आधाराला घेतलेली पत्रे बनावट निघाली. बदनामीच्या खटल्यात चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघे १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात राहून सुटले. कोल्हापूरकरांना हे पाठ आहे. कायद्याची बाजू मात्र मागेच राहते. तिथे वाद होता तो छापलेले खरे की खोटे याचा. पत्रे अस्सल ठरली असती तर अडचणीत बर्वे आले असते.

सातच वर्षांत हे उलटले, तेही एका संस्थानावरूनच. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीरसंबंधीचा परराष्ट्र खात्याचा गोपनीय कागद छापला. त्याच वर्षी हिंदुस्थानात पहिला गोपनीयता कायदा आला. आता कागद खरा असणे हाच गुन्ह्याचा गाभा. कर्झनने १९०४ मध्ये तो आणखी कडक केला. १९२२ मध्ये संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवणारे लेखन रोखणारा वेगळा कायदा झाला. मध्यवर्ती विधिमंडळाने तो नाकारला होता, व्हाइसरॉय रीडिंगने स्वतःच्या अधिकारात लादला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पत्रांनी करवीर दरबारावर लिहितानाही हात आखडावा. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले, संस्थानेच संपली आणि त्या कायद्याला काम उरले नाही.

१९२३ चा शासकीय गुपिते कायदा मात्र आजही आहे. त्याचे तिसरे कलम हेरगिरीचे. पाचवे कलम पत्रकाराला अधिक जवळचे: गुपित फोडणारा अधिकारी जितका दोषी, तितकाच जाणूनबुजून ते घेणारा. आणि गुपित म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. शिक्का मारणारा कारकूनच ती ठरवतो म्हणा ना!

याचे टोक २००२ मध्ये दिसले. इफ्तिखार गिलानी या दिल्लीच्या पत्रकाराला संगणकातल्या एका दस्तऐवजावरून अटक झाली. तो पाकिस्तानात उघडपणे प्रसिद्ध झालेला, इंटरनेटवर कुणालाही मिळणारा होता. तरी सुमारे सात महिने तुरुंगात गेले. नंतर सरकारनेच खटला मागे घेतला. देवळालीच्या लष्करी छावणीतील 'सहायक' पद्धतीचे (म्हणजे अधिकाऱ्यांच्या घरकामाला जवान जुंपण्याचे) छुपे चित्रण करणाऱ्या महिला पत्रकारावर २०१७ मध्ये याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये रद्द केला.

त्याच वर्षी राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या कागदांवर केंद्राने या कायद्याचा आधार घेऊन हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. माहिती अधिकार कायद्याचे २२ वे कलम तर गोपनीयतेच्या कायद्यालाही वरचढ आहे. पण ते कामी येते माहिती मागणाऱ्या अर्जदाराच्या. कुणी आपणहून कागद आणून दिला, तर घेणाऱ्यासमोर अजूनही पाचवे कलमच उभे असते.