बेरेटा ९२ की सिग पी-२२६ : वाद कुठून सुरू झाला

पिस्तूल इटालियन बेरेटा घ्यावं की स्विस सिग, असं कुणी विचारलं की पाचव्या मिनिटाला १९८५ सालच्या अमेरिकी लष्कराच्या पिस्तूल-खरेदीच्या निकालाचा दाखला येतोच. बेरेटावाले म्हणतात, जगातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने पारखून घेतलं, आता आणखी काय पुरावा हवा? सिगवाले म्हणतात, सरस पिस्तूल दोन-चार डॉलरपायी डावललं गेलं. दोन्ही बाजू त्या निकालाला पिस्तुलांमधला निवाडा मानतात आणि गडबड इथेच होते. त्या परीक्षेत दोघंही पास झाले होते. शेवटी तुलना झाली ती निविदेच्या कागदांची.

लष्कराचं जुनं पिस्तूल म्हणजे १९११ साली स्वीकारलेलं .४५ (म्हणजे गोळीचा व्यास .४५ इंच). त्याची शेवटची सरकारी खरेदी १९४५ची. पुढची तीस-पस्तीस वर्षं नळ्या बदलून, स्प्रिंगा बदलून तीच पिस्तुलं फिरत राहिली. १९७८मध्ये अमेरिकी संसदेच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या समितीने हिशेब मागितला, तेव्हा सैन्याच्या कोठारांत २५हून अधिक प्रकारची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं आणि त्यांची शंभरावर प्रकारची काडतुसं निघाली. नाटोतले मित्रदेश एव्हाना ९ मिमी व्यासाच्या गोळीवर स्थिरावले होते. सगळ्या दलांना मिळून एकच पिस्तूल आणि तेही ९ मिमी, असा आग्रह तिथून सुरू झाला. .४५ विरुद्ध ९ मिमी हे जुनं भांडण इथे उकरून काढत नाही.

पहिली चाचणी हवाई दलाने घेतली. १९८०मध्ये तिचा निकाल लागला आणि बेरेटाची तेव्हाची आवृत्ती पहिली आली. भूदलाने निकाल मानला नाही. चाचणीची पद्धतच सदोष आहे, चिखल-धुळीच्या कसोट्या एकसारख्या झाल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग भूदलाने स्वतःची चाचणी लावली. त्यात चार पिस्तुलं आली, सगळी नापास ठरली आणि फेब्रुवारी १९८२मध्ये कार्यक्रमच गुंडाळला गेला. भूदलाला आपलं .४५ सोडायचंच नव्हतं, असं तेव्हा उघड बोललं जात होतं. माझंही मत तसंच आहे. संसदेने दट्ट्या लावला नसता तर ही खरेदी आणखी दहा वर्षं लांबली असती.

सिगचं पी-२२६ जन्माला आलं ते याच खरेदीसाठी. त्याचा थोरला भाऊ पी-२२० स्विस सैन्याने १९७५मध्ये घेतला होता, पण त्याच्या मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) ९ मिमीच्या नऊच गोळ्या. अमेरिकेला जास्त हव्या होत्या, म्हणून मूठ रुंद करून दुहेरी रांगेचं १५ गोळ्यांचं मॅगझिन बसवलं. बेरेटा ९२ १९७५पासून बाजारात होतंच आणि त्याच्या मॅगझिनमध्येही १५ गोळ्या बसत. अमेरिकी चाचण्यांसाठी त्यातही बदल होत गेले : नळीला आतून क्रोमचा मुलामा, दोन हातांनी धरता यावं म्हणून चापाच्या कडीला पुढून चौकोनी आकार, गंज न धरणारा नवा लेप. तेच पुढे ९२एफ झालं.

१९८४च्या चाचणीत आठ उमेदवार होते. दोघांनी माघार घेतली, चार बाद झाले. बाद झालेल्यांत स्मिथ अँड वेसन या जुन्या, नावाजलेल्या अमेरिकी कंपनीचं पिस्तूल होतं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईच्या) आघाताची ऊर्जा अपेक्षेपेक्षा कमी भरली, हे बाद होण्याचं एक कारण. मेट्रिक मापाचं इंग्रजी मापात रूपांतर करताना आकडा पूर्णांकात घेतला गेला आणि त्या कमी-जास्तीत पिस्तूल रेषेखाली गेलं. कंपनी कोर्टात गेली आणि हरली, पण सरकारी लेखापरीक्षकांनी पुढे या बाद करण्यावर बोट ठेवलंच. आज बेरेटा-सिग वादात या तिसऱ्या पिस्तुलाचं नावही निघत नाही. निघायला हवं, कारण अंतिम फेरीत दोघंच कसे उरले हे त्याशिवाय कळत नाही.

सप्टेंबर १९८४पर्यंत दोन नावं उरली. दोघांनाही 'तांत्रिकदृष्ट्या स्वीकारार्ह' असा शेरा मिळाला. इथून पुढे नियम असा होता की कोण किती सरस हे बघायचं नाही, पास झालेल्यांत स्वस्त पडेल ते घ्यायचं.

सिगने एका पिस्तुलाची किंमत लावली १७६ डॉलर ३३ सेंट. बेरेटाने लावली १७८ डॉलर ५० सेंट. फरक दोन डॉलर सतरा सेंटचा आणि खरेदी तीन लाखांहून जास्त नगांची. म्हणजे नुसतं पिस्तूल धरलं तर सिग साडेसहा लाखांहून जास्त डॉलरनी स्वस्त. तरीही जानेवारी १९८५मध्ये बेरेटाचं नाव जाहीर झालं, कारण निविदेत नुसतं पिस्तूल नव्हतं. जादा मॅगझिनं आणि सुटे भाग धरून एकूण रक्कम तपासायची होती आणि त्या बेरजेत बेरेटा खाली उतरलं. पाच वर्षांत ३,१५,९३० पिस्तुलं, करार सुमारे साडेसात कोटी डॉलरचा.

'सिग महाग होतं म्हणून हरलं' हे वाक्य जिकडेतिकडे वाचायला मिळतं. ते चूक आहे. सिगचं पिस्तूल स्वस्त होतं, सिगची मॅगझिनं आणि सुटे भाग महाग होते. नियमाच्या भाषेत लष्कर बरोबरच होतं, कारण सैन्याला पिस्तूल वीस-तीस वर्षं चालवायचं असतं आणि मॅगझिनं वाकतात, हरवतात, त्यांच्या स्प्रिंगा बसतात. पण म्हणून 'बेरेटा सरस ठरलं' असा अर्थ त्यातून काढता येत नाही. सरस कोण, हा प्रश्न त्या टप्प्यावर कुणी विचारलाच नव्हता.

याच सुमारास आणखी एक कुजबुज सुरू झाली, ती आजतागायत आहे. सिसिलीतल्या कोमिसो इथल्या तळावर अमेरिकेने त्या वर्षांत क्रूझ क्षेपणास्त्रं आणून ठेवली होती आणि इटलीने ती ठेवू दिली त्याची ही परतफेड, असं म्हणतात. तारखा शेजारी-शेजारी येतात हे खरं. पण निविदेतला फरक उघड मांडलेला आहे आणि तेवढ्याने निर्णयाचा उलगडा होतो. पिस्तूल अमेरिकेत बनवण्याची अट दोन्ही कंपन्यांना होती. बेरेटाने मेरीलँडमध्ये कारखाना चालवून ती पुरी केली.

आता हत्यारं जवळून पाहू, कारण पुढचा घोळ धातूचा आहे.

बेरेटाच्या स्लाइडला, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाला, वरून छतच नाही. नळी जवळजवळ पूर्ण उघडी दिसते, रिकामं काडतूस सहज बाहेर उडतं. नळीच्या पोटाखाली नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारा एक वेगळा लॉकिंग ब्लॉक असतो. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड थोडं एकत्र मागे येतात, ब्लॉक खाली पडतो आणि स्लाइड मोकळी होते. नळी सरळ रेषेत मागे येते, तिरकी होत नाही. ही जर्मन पी-३८ पिस्तुलाची युक्ती. सिगमध्ये नळी मागच्या टोकाला खाली झुकते आणि नळीचा चौकोनी खांदा स्लाइडच्या खिडकीतच अडकतो, ब्लॉक वगैरे नाही. झुकणाऱ्या नळीचं हे घराणं भारतीय सैन्याच्या ओळखीचं आहे. ईशापूरच्या रायफल कारखान्यातलं ९ मिमी १-ए त्याच वंशातलं.

सिगची जुनी स्लाइड पोलादी पत्र्याची, दाबून वळवलेली, पुढचं तोंड वेल्डिंग केलेलं आणि आत काडतुसाला मागून आधार देणारा वेगळा ब्रीच ब्लॉक पिनांनी बसवलेला. १७६ डॉलरची किंमत शक्य झाली ती मोठ्या अंशी या स्वस्त पद्धतीमुळे. बेरेटाची स्लाइड मात्र घन पोलादातून कोरून काढलेली. पत्र्याची स्लाइड आधी फुटेल, असंच कुणालाही वाटलं असतं.

फुटली ती कोरलेली. सप्टेंबर १९८७मध्ये अमेरिकी नौदलाच्या विशेष पथकातल्या एका जवानाच्या हातात बेरेटाची स्लाइड मधोमध तुटली आणि मागचा तुकडा सरळ त्याच्या चेहऱ्यावर आला. पुढच्या काही महिन्यांत आणखी दोन घटना घडल्या, प्रयोगशाळेत मुद्दाम झाडून पाहिल्यावरही स्लाइडा तुटल्या. कंपनीने दोष दिला काडतुसांना : दाब मर्यादेबाहेरचा आहे. लष्कराने बोट दाखवलं धातूकडे : पोलाद हवं तितकं चिवट नाही. तोवर सैन्यात हुकूम निघाला की ३,००० गोळ्यांनंतर स्लाइड बदलायची, मग तो आकडा १,०००वर आणला. ज्या पिस्तुलाने ५,००० गोळ्यांचं आयुष्य सिद्ध करून चाचणी जिंकली, त्याच्यासाठी हा आकडा लाजिरवाणा होता.

यावरचा उपाय लहानसा आहे. ९२एफएस म्हणून जे विकलं जातं त्याची स्लाइड उतरवा आणि सांगाड्यात डाव्या बाजूला हॅमरची (फायरिंग पिनवर आपटणाऱ्या हातोडीची) पिन पाहा. तिचं डोकं गोल आणि मोठं आहे. स्लाइडच्या आतल्या बाजूला त्याच्यासाठी खोबण कापलेली आहे. स्लाइड तुटलीच तर मागचा तुकडा या डोक्याला अडतो, झाडणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. ९२एफ आणि ९२एफएस यांच्यातला महत्त्वाचा फरक एवढाच. जुनं ९२एफ स्वस्तात मिळतंय असं सांगितलं तर आधी ही पिन बघावी.

संसदेने फेरचाचणी लावायला सांगितली. १९८८मध्ये ती झाली. बेरेटाने नवे नमुने द्यायला नकार दिला, तेव्हा लष्कराने आपल्याच साठ्यातली पिस्तुलं चाचणीत उतरवली. दोन अमेरिकी कंपन्या समोर होत्या, दोन्ही अपयशी ठरल्या आणि १९८९मध्ये पुन्हा बेरेटाच उरलं. नौदलाच्या त्या पथकाने मात्र तोवर मन बनवलं होतं. ते पी-२२६कडे गेले आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथेच राहिले. सिगचा आजचा दबदबा तिथला आहे. पराभूत उमेदवाराला एवढी मोठी पावती मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला या क्षेत्रात दिसत नाही. बेरेटाला ती घटना कायमची चिकटली, आणि हेही तितकंच अन्याय्य आहे. पिन बदलल्यानंतर, स्लाइडा अमेरिकेत बनू लागल्यानंतर तो दोष मागे पडला आणि पिस्तूल तीस वर्षं सेवेत राहिलं.

इराकमध्ये तक्रारी पुन्हा आल्या, या वेळी मॅगझिनच्या. जवान म्हणत, बेरेटा अडकतं. तपासात निघालं की लष्कराने वेगळा करार करून दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतलेल्या मॅगझिनांना आतून जाड, खरखरीत फॉस्फेटचा थर होता. सरकारी मागणीपत्रातच तो तसा लिहिलेला. वाळवंटातली पिठासारखी बारीक वाळू त्या खरखरीत भिंतीला धरून बसे आणि गोळ्या वर सरकत नसत. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिनं आली आणि प्रश्न सुटला. पिस्तुलाचं नाव मात्र खराब झालं ते झालंच.

शेवटची मोठी कलाटणी २०१७ची. त्या जानेवारीत अमेरिकी भूदलाने बेरेटाच्या जागी सिगचं पी-३२० निवडलं. हे पी-२२६ नव्हे. प्लॅस्टिकची मूठ, बाहेर हॅमर नाही, घडणच वेगळी. या वेळीही किंमतच निर्णायक : सिगची निविदा १६.९५ कोटी डॉलरची, प्रतिस्पर्धी ऑस्ट्रियन कंपनीची २७.२२ कोटींची. प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली, ती जूनमध्ये फेटाळली गेली. ऑगस्टमध्ये नागरी पी-३२० पडल्यावर आपोआप सुटू शकतं असं उघड झालं आणि कंपनीला सुधारणा द्यावी लागली. 'सैन्याने शेवटी सिगच घेतलं ना' असं सांगून पी-२२६ गळ्यात मारणारे म्हणूनच दिशाभूल करतात.

मग आज या दोघांत निवड कशावर करावी? माझ्या मते हाताच्या मापावर आणि अंगठ्यावर. बेरेटाची मूठ जाड आहे आणि पहिल्या गोळीला चाप लांबवर ओढावा लागतो. लहान हाताच्या जवानांची ही तक्रार सैन्यात पहिल्यापासून होती. सिगची मूठही काही सडपातळ नाही, पण हातात बरी बसते. बेरेटाची सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू न देणारा खटका, स्लाइडवर असते. तळव्याने स्लाइड जोरात ओढताना हा खटका खाली दाबला गेला तर चाप मेल्यासारखा होतो. फ्रेंचांनी बेरेटा घेताना हे ओळखलं आणि नुसता हॅमर उतरवणारा खटका असलेली आवृत्ती मागवली. तिला 'जी' म्हणतात. सिगला हाताने लावायची सेफ्टीच नाही, हॅमर उतरवायचा खटका सांगाड्यावर डावीकडे, त्याच्यामागे स्लाइड रोखणारा खटका. उंच पकड घेणाऱ्याचा अंगठा या दुसऱ्या खटक्यावर टेकतो आणि मॅगझिन संपलं तरी स्लाइड मागे अडकत नाही. मग लोक पिस्तुलाला दोष देतात. जुनं सिग घेताना स्लाइड पत्र्याची आहे की नंतरची कोरीव स्टीलची, हेही पाहावं. दोन्ही चालतात, पण स्लाइडमधले काही सुटे भाग एकमेकांना लागत नाहीत.

भारतात हा प्रश्न नागरिकांसाठी उद्भवत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ९ मिमीची काडतुसं बनत असली तरी हा बोअर (नळीचं माप) आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडतो आणि साध्या परवान्यावर मिळत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपुढे मात्र तो खराच असतो. त्यांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात १०हून जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर कायद्याने बंदी आहे, म्हणजे दोन्ही पिस्तुलं तिथे पाच गोळ्या कमी घेऊनच मिळतात. दुसरी गोष्ट व्हिसाची. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला शिकारीचा परवाना किंवा कायद्यातली तशीच एखादी सूट नसेल, तर संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगताच येत नाही, मग ती बेरेटा असो वा सिग. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही, त्याला राज्याचे नियम तेवढे पाळावे लागतात.