धक्क्याला बांधलेली बोट उलटते तेव्हा

२४ जुलै १९१५, शनिवारची सकाळ. शिकागो नदीच्या दक्षिण काठाला ‘ईस्टलँड’ ही प्रवासी बोट दोरखंडांनी बांधून उभी होती. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातले कामगार वार्षिक सहलीला मिशिगन सरोवरापलीकडे निघाले होते. बायका-मुलं सोबत होती. साडेसहाला चढायला सुरुवात झाली, आणि दहा-पंधरा मिनिटांतच बोट धक्क्याच्या बाजूला कलली. इंजिनखोलीतल्या माणसांनी तळाच्या टाक्यांमध्ये पाणी घेऊन ती सरळ केली. मग ती उलट्या बाजूला, नदीकडे कलली. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा सरळ, पुन्हा नदीकडे. सात वाजून गेल्यावर बारमधल्या बाटल्या घसरून फुटू लागल्या. वादकांचा ताफा तरीही वाजवत होता आणि प्रवासी कललेल्या डेकची गंमत करत होते. ७ वाजून २८ मिनिटांनी बोट आडवी झाली.

पाणी जेमतेम वीस फूट खोल होतं. कुशीवर पडलेल्या बोटीचा अर्धा भाग पाण्याबाहेरच राहिला, आणि काही जण कठडा ओलांडून पाय न भिजवता तिच्या वरच्या बाजूवर उभे राहिले. पण ओलसर, गारठ्याच्या हवेमुळे बरेच जण खालच्या मजल्यांवर गेले होते. घसरत आलेल्या पियानोखाली, फर्निचरखाली, एकमेकांखाली माणसं चिरडली, गुदमरली. ८४४ माणसं गेली. बावीस कुटुंबांत कोणीच उरलं नाही.

वादळ नाही, हिमनग नाही, टक्कर नाही. काठापासून हाकेच्या अंतरावर असं होतं कसं?

पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर दोन बलं काम करतात. तिचं वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढतं, आणि पाणी उत्प्लावन केंद्रातून तिला वर ढकलतं. हे केंद्र म्हणजे बोटीचा जेवढा भाग पाण्यात आहे त्याचा मध्य. बोट कलली की पाण्यातल्या भागाचा आकार बदलतो, म्हणून हे केंद्र कललेल्या बाजूकडे सरकतं. तिथून सरळ वर रेघ काढली तर ती बोटीच्या मध्यरेषेला एका ठिकाणी छेदते. तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ च्या ग्रंथात हे नाव दिलं. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर बुडाशी वजन असलेल्या बाहुलीसारखी बोट आपोआप उभी राहते. वर गेला, तर जी बलं तिला सावरायची तीच तिला पाडू लागतात.

दोन बिंदूंमधलं हे अंतर मोठ्या बोटीतही पुष्कळदा एखाद्या मीटरच्या आतबाहेरच असतं. ते फार वाढवूनही चालत नाही. अशी बोट झटक्याने सरळ होते आणि प्रवाशांना ओकाऱ्यांनी हैराण करते. म्हणून प्रवासी बोटींमध्ये ते मुद्दाम कमी ठेवत. अशी बोट संथ डोलते, सुखावह वाटते. मात्र डोलण्याच्या टोकाला ती जरा जास्तच वेळ रेंगाळू लागली, की जाणत्या खलाशाच्या पोटात गोळा येतो.

‘ईस्टलँड’ १९०३ मध्ये बांधली, तेव्हापासूनच वरून जड होती. १९०४ मध्ये भर प्रवासात ती धोकादायक कलली होती. त्या सकाळी अडीच हजार माणसं चढली. माणशी साठ किलो धरले तरी दीडशे टन वजन, आणि त्यातलं बरंचसं वरच्या डेकवर.

त्यात टाक्यांमधलं पाणी. भरगच्च टाकीतलं पाणी दगडासारखं जागच्या जागी राहतं. अर्धवट भरलेल्या टाकीतलं मात्र बोट कलली की त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच टाकीच्या मधोमध लांबीने एकच भिंत घातली, तर तो एकदम चौथाईवर येतो! ‘ईस्टलँड’च्या टाक्या भरायला वेळ लागे, आणि किती भरल्या ते दाखवणारी साधनं नव्हती.

बोट आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला कलत होती, हे लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका बाजूला ओझं जास्त झालं म्हणून कललेली बोट त्याच बाजूला कलून राहते. दोन्हीकडे झुकणाऱ्या बोटीचा गुरुत्वमध्य मात्र बहुधा मेटासेंटरच्या वर गेलेला असतो. सरळ उभं राहणं तिला जमतच नाही, ती कुठल्या तरी एका कुशीवर विसावते. अशा वेळी वर उचललेल्या बाजूच्या टाकीत पाणी भरणं हा सहज सुचणारा उपाय, आणि नेमका तोच घातक. बोट मधल्या स्थितीवरून झोकाने पलीकडे जाते, आणि तो झोक तिला पूर्ण उलथवू शकतो. खरं तर आधी झुकलेल्या बाजूचीच खालची टाकी भरायला हवी. मनाला न पटणारी गोष्ट आहे ही, आणि हाताशी मिनिटं उरलेल्या माणसाला तर ती सुचणंही कठीण.

या गोष्टीतला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग ‘टायटॅनिक’शी जोडलेला आहे. १९१२ मध्ये ती बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे २,२०० माणसं होती आणि जीवनौकांमध्ये जागा १,१७८ जणांची. जगभर संताप उसळला. मार्च १९१५ मध्ये अमेरिकेत नवा खलाशी कायदा झाला, जीवनौका वाढवायच्या होत्या. सरोवरांतल्या उथळ बुडाच्या बोटींवर हा भार चढवला तर काही बोटी उलटतील, असा इशारा तिथल्या एका बोट कंपनीच्या अधिकाऱ्याने आधीच दिला होता. २ जुलैला ‘ईस्टलँड’च्या वरच्या भागात नव्या जीवनौका आणि तराफे बसवले. तेवढ्या आधारावर परवान्यातली प्रवासीसंख्याही वाढली. बावीस दिवसांनी बोट उलटली. मला त्या कायद्याला दोष द्यायचा नाही, तो हवाच होता. पण जीवनौका डेकवर उभं राहून मोजता येतात, गुरुत्वमध्य डोळ्यांना दिसत नाही. तपासनिसांनी दिसणारं मोजलं.

याआधी सहा वर्षं, २६ जुलै १९०९ रोजी ‘वाराटा’ ही बोट २११ माणसं घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून केपटाउनला निघाली. दुसऱ्या दिवशी एका बोटीने तिला पाहिलं, त्यानंतर कुणीच नाही. तिच्यावर वायरलेस नव्हता. युद्धनौकांनी शोधलं, भाड्याने घेतलेल्या बोटींनी महिनोन्‌महिने शोधलं. फळकूटही हाती लागलं नाही. १९९९ मध्ये सापडली म्हणून गाजावाजा झाला, पण तो दुसऱ्याच बोटीचा सांगाडा निघाला.

क्लॉड सॉयर नावाचा प्रवासी डर्बनलाच उतरला होता. बोट वरून जड वाटते, अशी तार त्याने बायकोला केली. लंडनच्या चौकशीत आणखी एक साक्षीदार आला, विल्यम हेन्री ब्रॅग. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडल्याबद्दल याच ब्रॅगना पुढे १९१५ मध्ये मुलासह नोबेल मिळालं. ते आधीच्या फेरीत ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला याच बोटीने आले होते. बोट एका बाजूला कलली की तशीच राही आणि वाऱ्या-लाटेने ढकललं तरच पलीकडे जाई, हे त्यांनी पाहिलं होतं. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या किंचित खाली असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. चौकशीने मात्र विलक्षण वादळात बोट उलटली असावी, असं ठरवलं.

आपल्याकडे ‘रामदास’ आहे. १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. लाटेने कललेल्या बोटीत प्रवाशांची एका बाजूला धावाधाव झाली, असं वाचलेले सांगत. रायगडच्या किनाऱ्यावर कित्येक घरांत अजूनही हे नाव घेतलं की बोलणं थांबतं. घाबरलेली गर्दी म्हणजे धावणारं वजन, अर्धवट भरलेल्या टाकीतल्या पाण्याइतकंच निर्दय.

हे सगळं मोजायची रीत तेव्हाही ठाऊक होती. १८७० मध्ये ‘कॅप्टन’ ही ब्रिटिश युद्धनौका उलटून पाचशेच्या आसपास माणसं गेली. त्याच्या काही आठवडे आधी तिची ही चाचणी झाली होती. चाचणी अशी: शांत पाण्यात, दोर सैल सोडून बोट उभी करायची. टाक्या एक तर पूर्ण भरायच्या, नाही तर पूर्ण रिकाम्या. तळातलं साचलेलं पाणी पुसून घ्यायचं, नको असलेली माणसं खाली उतरवायची. मग ठरावीक वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची आणि लांब दोरीचा ओळंबा किती हलला ते पट्टीवर वाचायचं. ओळंबा लहरू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवतात. एवढ्यावरून गुरुत्वमध्य कुठे आहे ते गणिताने काढता येतं. ‘ईस्टलँड’च्या परवान्यासाठी ही चाचणी सक्तीची नव्हती.