युरेका ड्यून्स ईव्हनिंग प्रिमरोज

ओनॅग्रेसी कुलातील ईनोथेरा कॅलिफोर्निका या जातीची ही उपजात. शास्त्रीय नाव ईनोथेरा कॅलिफोर्निका उपजात युरेकेन्सिस. कॅलिफोर्नियाच्या इन्यो काउंटीतील युरेका खोऱ्यात वाळूच्या तीन टेकड्या आहेत. जगात दुसरीकडे कुठेही ही वनस्पती आपोआप उगवत नाही. आपल्या ओढ्याकाठची पाणलवंग याच कुलातली. शिंगाडाही पूर्वी याच कुलात धरत. पाणथळीत रमणाऱ्या या नातेवाइकांमध्ये हे वाळवंटातले भावंड उठून दिसते.

एप्रिल-मेच्या सुमारास, दिवस मावळताना फूल उमलते. चार पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, आठ पुंकेसर, मधोमध चार फाट्यांची कुक्षी. मध लांब नळीच्या तळाशी असल्यामुळे तिथवर पोचायला लांब सोंडेचे हॉक मॉथ जातीचे पतंगच लागतात. परागकण सुटे नसतात, चिकट धाग्यांत गुंफलेले असतात. पतंगाला एकदा स्पर्श झाला की माळेसारखे लोंबत जातात. ऊन चढेपर्यंत पाकळ्या गुलाबी होऊन कोमेजलेल्या असतात.

टेकडीचा वरचा थर कोरडाठाक असला, तरी पावसाचे मुरलेले पाणी खाली बराच काळ टिकते. झाड त्यावर जगते आणि मांसल मुळांच्या आधाराने वाईट दिवस काढते. सरकती वाळू एरवी रोपांना गाडून मारते, इथे मात्र तीच वंश वाढवते: फांद्यांच्या टोकांना पानांचे झुबके येतात, ते वाळूखाली गेले की मुळे धरतात आणि नवे झाड उभे राहते. पाऊस चांगला झाला की टेकडीचा पायथा फुलांनी भरतो; कोरड्या वर्षी शोधून झाड सापडत नाही. म्हणूनच एखाद्या वर्षाच्या मोजणीवरून तिचे बरे-वाईट ठरवणे धोक्याचे आहे.

वाळूवर गाड्या पळवण्याचा छंद हा तिच्यावरचा सर्वांत मोठा घाला होता. चाकाखाली झाड तर चिरडतेच, पुढच्या पिढीचे झुबकेही मोडतात. 1976 मध्ये टेकड्यांवर वाहनांना बंदी झाली. 1978 मध्ये ही उपजात आणि तिच्या शेजारचे युरेका ड्यून गवत, दोघांनाही अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत संरक्षण मिळाले. 1994 मध्ये हा भाग डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात आला. 2018 मध्ये ही उपजात यादीतून वगळली गेली. गवत मात्र एक पायरी खाली, धोक्यातील वर्गात, यादीत राहिले. यादीतून नाव गेले तरी वाहनबंदी सैल होता कामा नये, कारण तिचे सारे जग एवढ्या तीन टेकड्यांतच सामावलेले आहे.