शेअर विकायचे की शेअर ठेवून भांडायचं? विद्यापीठांच्या पैशावरून होणाऱ्या आंदोलनांतल्या दोन मागण्या

23 नोव्हेंबर 2019 ला अमेरिकेत न्यू हेवनमध्ये हार्वर्ड आणि येल यांचा वार्षिक फुटबॉल सामना होता. मध्यंतरात दोन्हीकडचे विद्यार्थी मैदानात उतरले आणि मधोमध बसून राहिले. खेळ जवळपास पाऊण तास खोळंबला आणि चाळीसहून अधिक जणांवर पोलिसांनी कारवाई केली. विद्यापीठाच्या निधीतून कोळसा आणि तेल कंपन्यांमधली गुंतवणूक काढून घ्या, ही त्यांची मुख्य मागणी होती. अशा मागणीवर ‘आम्ही जबाबदारीनेच गुंतवणूक करतो’ हे विद्यापीठांचं ठरलेलं उत्तर असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं एकच बोलताहेत. प्रत्यक्षात दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, आणि हा फरक कळला नाही तर आंदोलन जिंकलं की हरलं तेही कळत नाही.

आधी पैसा कुठला ते पाहू. हार्वर्डचा एंडाउमेंट निधी 2019 मध्ये सुमारे 41 अब्ज डॉलर होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणग्या बाजारात गुंतवायच्या आणि दरवर्षी त्यातला थोडा भाग शिष्यवृत्त्या, पगार, संशोधन यांवर खर्च करायचा, अशी ही रीत आहे. आपल्या सरकारी विद्यापीठांचा गाडा अनुदान आणि फीवर चालतो. शिवाय धर्मादाय संस्थांनी पैसा कुठे ठेवावा याची यादी प्राप्तिकर कायद्यातच दिलेली आहे. त्यामुळे हा वाद आपल्या आवारात फारसा उभा राहत नाही. तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलांना मात्र तो पहिल्याच वर्षी भेटतो.

एक मार्ग आत राहण्याचा. शेअर विकायचे नाहीत. भागधारक म्हणून कंपनीच्या वार्षिक सभेत ठराव आणायचा, मत द्यायचं, संचालकांना जाब विचारायचा. अमेरिकेत 2,000 डॉलरचे शेअर सलग तीन वर्षं ज्याच्याकडे आहेत, त्यालाही असा ठराव मांडता येतो. या मार्गाचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे रेव्हरंड लिऑन सलिव्हन. 1971 मध्ये ते जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या संचालक मंडळावरचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्याच वर्षी एका चर्चने, कंपनीने वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं असा ठराव आणला. सलिव्हन आपल्याच मंडळाच्या विरोधात उभे राहून त्या ठरावाच्या बाजूने बोलले. ठरावाला दोन टक्केही मतं पडली नाहीत.

सलिव्हन तरीही आतच राहिले. 1977 मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांसाठी आचारसंहिता तयार केली. समान कामाला समान वेतन द्या, कृष्णवर्णीयांना वरच्या पदांसाठी तयार करा, गोऱ्या-काळ्यांची कॅन्टीन आणि स्वच्छतागृहं वेगळी ठेवू नका. कायद्यानेच माणसं वेगळी केली होती अशा देशात कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एका टेबलावर जेवता येणं ही लहान गोष्ट नव्हती. शंभराहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या आणि अनेक विद्यापीठांनी हीच कसोटी धरली: सही केलेल्यांचे शेअर ठेवायचे. पण कारखान्याबाहेर कामगाराला मताचा हक्क नव्हताच. 1985 मध्ये सलिव्हन यांनी दोन वर्षांची मुदत दिली. 1987 मध्ये ती संपली, वर्णभेद तसाच होता, तेव्हा स्वतः सलिव्हन यांनीच कंपन्यांना देश सोडायला सांगितलं. दहा वर्षं मनापासून राबवलेल्या तत्त्वांबद्दल ही कबुली देणाऱ्या या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

दुसरा मार्ग बाहेर पडण्याचा, म्हणजे डायव्हेस्टमेंट. मॅसॅच्युसेट्समधल्या छोट्याशा हॅम्पशायर कॉलेजने 1977 मध्येच दक्षिण आफ्रिकेशी संबंधित शेअर विकले. 1985 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलचं दार तीन आठवडे अडवलं. कॉलेजांच्या हिरवळीवर पत्रे-फळ्या ठोकून निषेधाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. डार्टमथ कॉलेजमध्ये जानेवारी 1986 मध्ये आंदोलनाला विरोध असलेल्या विद्यार्थ्यांनी रात्री घण घालून त्या मोडल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने सुमारे 3.1 अब्ज डॉलरची गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं.

इथे एक शंका नेहमी येते, आणि ती रास्त आहे. शेअर विकला की तो दुसरा कोणीतरी घेतो. कंपनीच्या तिजोरीतून दमडीही जात नाही. तीन अर्थशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बहिष्काराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कंपन्यांच्या शेअरभावावर त्यांना जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण या मार्गाचा रोख शेअरभावावर नसतो, तो राज्यकर्त्यांवर आणि लोकमतावर असतो. ऑक्टोबर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून अमेरिकी काँग्रेसने दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले. गावोगावची कॉलेजं, शहरं, चर्चेस आधीच बाहेर पडली नसती, तर रेगन यांच्याच पक्षाचे इतके सदस्य त्यांच्या विरोधात गेले असते असं मला वाटत नाही. 1990 मध्ये मंडेला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आले तेव्हा त्यांनी त्या भागातल्या कार्यकर्त्यांचे जाहीर आभार मानले.

हे दोन्ही मार्ग एकमेकांत मिसळले कसे, याचं मूळ हार्वर्डमध्येच सापडतं. एप्रिल 1972 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची मॅसॅच्युसेट्स हॉल ही इमारत ताब्यात घेतली. पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलात गल्फ ऑइल तेल काढत होती आणि तो पैसा वसाहतीच्या सरकारला मिळत होता. म्हणून गल्फचे शेअर विका, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यापीठाने शेअर विकले नाहीत. त्याऐवजी, भागधारक म्हणून मत कसं द्यावं यावर सल्ला देणारी, विद्यार्थ्यांनाही जागा असलेली एक समिती नेमली. मागितलं बाहेर पडणं आणि मिळालं आत राहून मत देणं. तेव्हापासून पुढच्या पिढ्यांनाही बहुतेक वेळा हेच उत्तर मिळत आलंय.

यातला कोणता मार्ग बरोबर, हे कंपनी पाहून ठरवावं असं मला वाटतं. जनरल मोटर्स वर्णभेदाशिवायही मोटारी बनवू शकत होती. तिथे आत राहून भांडण्यात अर्थ होता. सिगारेटच्या कंपनीशी कसली चर्चा करणार? हार्वर्डने 1990 मध्ये तंबाखूचे शेअर विकले ते म्हणूनच मला पटतं. तेल कंपन्या या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात. 2021 मध्ये एका छोट्या फंडाने जेमतेम 0.02 टक्के शेअरच्या बळावर, मोठ्या फंडांची मतं मिळवून, एक्झॉन मोबिलच्या मंडळावर आपले तीन संचालक निवडून आणले. आत राहण्याची ताकद ती हीच. पण एक्झॉन आजही तेलच काढते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हार्वर्डनेही नमतं घेतलं. अध्यक्ष लॉरेन्स बॅको यांच्या पत्रात लिहिलं होतं की, तेल-वायूचे साठे शोधणाऱ्या कंपन्यांत विद्यापीठाची थेट गुंतवणूक नाही आणि पुढेही करायचा विचार नाही. जुन्या खासगी फंडांमधून राहिलेला, निधीच्या दोन टक्क्यांहून कमी हिस्सा आपोआप संपेल असंही त्यात होतं. असं पत्र हातात आलं की ‘थेट’ या शब्दावर बोट ठेवावं आणि विचारावं: फंडांमधून किती आहे, ते कधी संपणार, आणि तोवर सभेत आपलं मत कुणाच्या बाजूने पडतंय?