कर्जतचे बँकर: मागूनच का लागतात?

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि फलाटावर बटाटेवडा हातात पडेपर्यंत शेवटच्या डब्यामागे बहुधा दोन-तीन इंजिने येऊन लागलेली असतात. हेच बँकर, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने. पुढे लोणावळ्यापर्यंत 28 किलोमीटरचा बोरघाट आहे आणि त्यातला सर्वांत तीव्र चढ 1:37, म्हणजे 37 मीटर जाताना एक मीटर वर.

1200 टनांची गाडी आणि 123 टनांचे डब्ल्यूएजी-7 हे विजेवरचे इंजिन धरले, तर नुसत्या चढासाठी सुमारे 36 टन ओढ लागते. कोरड्या रुळावर चाकांची पकड वजनाच्या पावपट धरली तरी एका इंजिनाकडून 31 टनांच्या आसपासच निघते. पावसात तेवढीही नाही. चाके जागच्या जागी फिरू लागतात, मग रुळावर वाळू सोडावी लागते.

जादा इंजिने पुढेच का जोडत नाहीत? कारण सगळी ओढ पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर येते. शिवाय घाटात कपलिंग तुटले तर मागचे डबे उताराला लागतात. मागे बँकर असला की ते अडतात. मात्र पुढचा लोको पायलट ढिला पडला आणि मागचा रेटतच राहिला, तर वळणावरचे हलके डबे दाबाखाली रुळावरून उचलले जाऊ शकतात. म्हणून ब्रेक पाइप बँकरपर्यंत जोडतात, पण ब्रेकचा ताबा पुढच्याकडेच ठेवतात.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये कसारा-इगतपुरीचा थळघाट खुला केला. बोरघाटात खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते: गाडी आत शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचे आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण धरायची. 1929 मध्ये नव्या मार्गाने ही कटकट संपली. त्याच सुमारास 1500 व्होल्ट डीसी वीज आली आणि तिच्याबरोबर डब्ल्यूसीजी-1 इंजिन, म्हणजे आपला ‘खेकडा’. पुढे 1970 च्या दशकात चित्तरंजनच्या इंजिन कारखान्यातल्या डब्ल्यूसीजी-2 ने त्याची जागा घ्यायला सुरुवात केली. घाटात एसी वीज आल्यावर हे काम डब्ल्यूएजी-7 कडे गेले.

एवढ्या वर्षांत इंजिने बदलली, कर्जतचा थांबा मात्र राहिला. 2019 मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणाऱ्या राजधानीला दोन्ही टोकांना इंजिने देऊन कसाऱ्याचा तसाच थांबा वाचवला गेला. 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डी वंदे भारतना बँकर लागतच नाही: गाडीचे निम्मे आस (चाके जोडणारे दांडे) मोटरवर चालतात, त्यामुळे पकडीला एका इंजिनाचे नव्हे तर अर्ध्या गाडीचे वजन मिळते.